गुलाबाशेजारची दोन अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका लहानशा सोन्याच्या नाण्याबद्दल बोलणार आहे. वजन जेमतेम पावणेचार ग्रॅम. मधोमध मुकुट घातलेला दुहेरी गुलाब आणि गुलाबाच्या दोन्ही अंगांना एकेक अक्षर. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५२६ मध्ये काढलेलं हे पाच शिलिंगांचं ‘क्राउन ऑफ द डबल रोज’. त्याआधीची तिथली सोन्याची नाणी जवळजवळ शुद्ध सोन्याची असत. हे मात्र २२ कॅरटचं. आपल्या सराफाकडे नेहमी ऐकू येणारा तो आकडा इंग्लंडच्या टाकसाळीत या नाण्यापासून आला.

पण संग्राहकाचा जीव अडकतो तो त्या अक्षरांत. एक ‘एच’, हेन्रीचं. दुसरं आधी ‘के’ होतं, कॅथरीन ऑफ अ‍ॅरागॉनचं. १५३३ मध्ये अ‍ॅन बोलीन राणी झाली आणि ‘ए’ आलं. १५३६ च्या मे महिन्यात अ‍ॅनचा शिरच्छेद झाला, महिना संपायच्या आत राजाने जेन सेमूरशी लग्न केलं, आणि ठशावर ‘आय’ चढलं. लॅटिनमध्ये जेनचं नाव ‘आय’नेच सुरू होतं. पुढच्याच वर्षी जेन बाळंतपणानंतर गेली. मग राणीचं अक्षर उरलंच नाही, तिथे ‘आर’ आलं. रेक्स, म्हणजे राजा.

या नाण्यावर साल कुठेच नाही. काळ ठरवायचा तो या अक्षरावरून आणि मजकुराच्या सुरुवातीला असलेल्या टाकसाळीच्या खुणेवरून: गुलाब, लिलीचं फूल, बाण. भिंग घेऊन बसावं लागतं, आणि ते बसणं मला फार प्रिय आहे.

२०२० मध्ये बातमी आली होती. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागात बागेतलं तण काढताना एका कुटुंबाला ६३ सोन्याची आणि एक चांदीचं नाणं मिळालं. त्यांत या तिन्ही राण्यांची अक्षरं होती!

घेताना कडा नीट बघा. त्या काळी लोक कडा कातरून सोनं काढून घेत, म्हणून वजन केल्याशिवाय पैसे मोजू नका. जुन्या लिलावाची नोंद मागा.

भोक पाडलेलं नाणं मात्र लगेच परत करू नका. ‘एंजल’ नावाच्या दुसऱ्या एका जुन्या इंग्लिश सोन्याच्या नाण्यावर ड्रॅगनला मारणारा संत मायकेल असतो. गंडमाळ, म्हणजे मानेला गाठी येण्याचा रोग, राजस्पर्शाने बरा होतो असा समज होता; अशा रोग्याला मेरी किंवा एलिझाबेथ राणी हाताने स्पर्श करी आणि हेच नाणं फितीत ओवून त्याच्या गळ्यात घाली. भोकामुळे किंमत उतरते. मला विचाराल, तर दोन एंजल समोर असताना मी भोकवालाच उचलेन.