1969 च्या कॅमारोचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मूळचाच आहे का?

नमस्कार. जुनी शेव्हरोले कॅमारो विक्रीला निघाली की जाहिरातीत ‘मॅचिंग नंबर्स’ (म्हणजे मुख्य भागांवरील क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतात, ते मूळचे आहेत) हे शब्द हमखास असतात. मात्र ही पडताळणी बहुधा इंजिनापुरतीच झालेली असते आणि गिअरबॉक्सकडे कोणी वाकून पाहिलेले नसते.

1969 च्या कॅमारोत तीन ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळत असत: दोन गिअरांचा पॉवरग्लाइड, त्याच वर्षी बाजारात आलेला तीन गिअरांचा टर्बो हायड्रामॅटिक 350 आणि 396 घनइंची इंजिनाबरोबर येणारा टर्बो हायड्रामॅटिक 400. झेड-28 ही आवृत्ती मात्र ऑटोमॅटिकमध्ये मिळतच नव्हती, त्यामुळे तिच्यात ऑटोमॅटिक आढळला तर तो मूळचा नाही; पुढे काही तपासण्याची गरज नाही. 1967 किंवा 1968 च्या गाडीत 350 दिसला, तरीही निष्कर्ष तोच.

गाडी भक्कम स्टँडवर टेकवल्यानंतरच खाली जाऊन तेलाचा पॅन पाहावा. पॉवरग्लाइडच्या पॅनला 14 बोल्ट असतात. 350 आणि 400 या दोघांच्याही पॅनला 13 बोल्ट असल्याने नुसती मोजणी पुरत नाही. 350 चा पॅन चौकोनी असून त्याचा एक कोपरा कापल्यासारखा दिसतो, तर 400 च्या पॅनची कड वेडीवाकडी असते. शंका उरलीच तर किकडाउन (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी यंत्रणा) पाहावा: 350 मध्ये तो केबलने चालतो आणि 400 मध्ये विजेच्या तारेने.

पॉवरग्लाइड काढून 350 बसवणे हा सर्वांत सामान्य बदल आहे, कारण आखूड शेपटाचा 350 लांबीला पॉवरग्लाइडएवढाच असतो आणि प्रॉपेलर शाफ्ट बदलावा लागत नाही. अशा गाडीत शिफ्टरची, म्हणजे गिअरच्या दांड्याजवळची, खुणांची पट्टी अनेकदा जुनीच राहते. तिच्यावर ‘लो’ची एकच जागा असेल तर ती पॉवरग्लाइडची आहे.

प्रकार जुळला म्हणजे गिअरबॉक्स त्याच गाडीचा ठरत नाही. त्यासाठी गिअरबॉक्सच्या केसवर, म्हणजे बाहेरील आवरणावर, ठोकलेला व्हीआयएनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) संक्षिप्त अंश शोधावा लागतो, आणि तेलकट मळ घासून काढल्याशिवाय तो सहसा दिसत नाही. नॉरवुड कारखान्यातील गाडीवर तो ‘19एन’ असा सुरू होतो: 1 म्हणजे शेव्हरोले, 9 म्हणजे 1969, एन म्हणजे नॉरवुड, पुढचे सहा अंक डॅशबोर्डवरील क्रमांकाच्या शेवटच्या सहा अंकांशी जुळले पाहिजेत. लॉस एंजेलिसच्या कारखान्यातील गाडीवर एनच्या जागी एल असतो. अक्षरांभोवती ताज्या ग्राइंडिंगच्या खुणा दिसल्या, तर माझ्या मते सौदा तिथेच थांबवावा. गिअरबॉक्सच्या निर्मितीची तारीखही तपासावी; ती गाडी कारखान्यात तयार झाल्यानंतरची असेल, तर बाकी सारे जुळूनही उपयोग नाही.

मूळ मालकाला मिळालेली धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट शिल्लक असेल तर तिच्यावर गिअरबॉक्सचा कोडही उमटवलेला असतो. मात्र अशा प्लेट नव्याने बनवूनही विकल्या जातात, म्हणून तिची सांगड केसवरील ठशाशी घालावी.