स्क्रू सगळ्यात शेवटी

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'जुन्या छोट्या ट्रॅक्टरचा स्टेअरिंग बॉक्स कसा सेट करावा'. त्यावर बोलणारच आहे. पण त्या बॉक्सवर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या डब्यावर, आतल्या दात्यांमधला ढिलेपणा कमी-जास्त करणारा एक स्क्रू असतो, त्याच्याविषयी माझी जुनी तक्रार आहे. ती आधी ऐकून घ्या.

इथे बसलेल्या बहुतेकांच्या शेडमध्ये १८-२० हॉर्सपॉवरचा, पॉवर स्टेअरिंग नसलेला जुना ट्रॅक्टर आहे. द्राक्षबागेच्या नऊ फुटांच्या ओळीतून मागे फवारणीचा ब्लोअर घेऊन फिरणारा. स्टेअरिंग थोडं लूज असलं तरी डांबरीवर भागून जातं. बागेत भागत नाही. तुम्ही स्टेअरिंगचं चाक डावीकडे फिरवता, ट्रॅक्टर जरा विचार करतो, मग वळतो. त्याचा विचार होईपर्यंत टायर मांडवाच्या लोखंडी अँगलला घासलेला असतो, नाहीतर खोडाची साल निघालेली असते. हसू नका, ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे. त्यानंतर एकाच ओळीतून किती फवारण्या होतात ते तुम्हीच मोजा.

मग मिस्त्री येतो. चाक दोन्हीकडे हलवून बघतो, "बॉक्स गेलाय" म्हणतो, चेक नट, म्हणजे स्क्रू जागेवर धरणारा नट, सैल करतो आणि स्क्रू-ड्रायव्हरने तो स्क्रू अर्धा आटा आत घालतो. पाच मिनिटांत खेळ, म्हणजे ढिलेपणा, गायब, चहा, पैसे, रामराम. पंधरा दिवसांनी ओळीच्या टोकाला वळल्यावर चाक आपसूक सरळ होत नाही, ओढून आणावं लागतं. खेळ पुन्हा हजर असतोच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

असं का होतं? बॉक्सपासून टायरपर्यंत किती सांधे आहेत ते मोजा. बॉक्समधून निघणाऱ्या ड्रॉप आर्मचे दाते, त्याला जोडलेल्या ड्रॅग लिंक या दांड्याची दोन टोकं, दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या टाय रॉडची दोन टोकं, चाकं ज्यांवर वळतात त्या दोन किंग पिना, चाकांची दोन बेअरिंग. शिवाय बॉक्स चेसिसला धरणारे बोल्ट. प्रत्येक जागी चिमूटभर खेळ असला तरी तुमच्या हातात येतो तो सगळ्यांची बेरीज होऊन, आणि मोठा होऊन.

किती मोठा? साधं गणित करू. ड्रॉप आर्म १५० मिलीमीटर लांब धरा, बॉक्सचं प्रमाण १५ ला १ आणि स्टेअरिंगच्या चाकाची त्रिज्या १९० मिलीमीटर. ड्रॅग लिंकच्या बॉल जॉइंटमध्ये फक्त १ मिलीमीटर खेळ आला, तर चाकाच्या कडेवर तो १९० भागिले १५० गुणिले १५, म्हणजे १९ मिलीमीटर होतो. जवळपास दोन सेंटीमीटर, एका सांध्यातून! छोट्या ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत कडेवरचा एकूण खेळ साधारण २० ते ५० मिलीमीटर चालतो असं दिलेलं असतं. असे तीन सांधे झिजले की झालं, बॉक्सचा काही दोष नसतानाही.

तेव्हा आधी शोध. दोन माणसं आणि एक जॅक लागतो. इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, पुढची चाकं सरळ आणि जमिनीवर. जमिनीवर अशासाठी की टायरने अडवलं तरच सांध्यातला खेळ दिसतो. एकाने स्टेअरिंगचं चाक थोडं थोडं इकडे-तिकडे हलवायचं. दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक सांध्यावर हाताची मूठ ठेवायची. डोळ्याला न दिसणारी टिचकी तळहाताला कळते. स्टेअरिंगच्या चाकाचा नट, कॉलमचा जोड असेल तर तो, बॉक्सचे बोल्ट, ड्रॉप आर्म, मग एकेक टोक, अशा क्रमाने खाली जा. बॉक्सच चेसिसवर हलत असेल तर बोल्ट आवळा आणि आज एवढ्यावरच घरी जा.

मग जॅक एक्सलच्या मध्याखाली लावून चाकं उचला. खाली लाकडी ठोकळा हवाच, जॅकवर विश्वास ठेवू नका. टायर वर-खाली धरून हलवा. एक्सलच्या तुलनेत स्टब एक्सल (चाक बसतं तो टोकाचा तुकडा) हलला तर किंग पिन किंवा बुश, नुसता हब हलला तर बेअरिंग. बेअरिंगचा नट चाक फिरवत आवळायचा, मग जवळच्या खाचेपर्यंत मागे घ्यायचा, स्प्लिट पिन नवी घालायची. बुश बदलताना ग्रीसचं भोक निप्पलसमोर आलंय ना, हे प्रेसला लावण्याआधी बघा. उलटं बसलं तर ग्रीस कधीच आत जात नाही आणि वर्षात पुन्हा तेच. फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांनी हा किंग पिनचा भाग सोडून द्या, तिथे बहुधा बेव्हल गिअरचं घर असतं.

टाय रॉडचं टोक काढताना आट्यावर हातोडा मारू नका. नट दोन आटे सैल करा, टोक ज्या भोकात बसतं त्या आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवा आणि दुसऱ्या बाजूने ठोका. टेपर, म्हणजे टोकाचा निमुळता भाग, सुटतो. काढण्याआधी उघडे आटे मोजून ठेवा, नवं तेवढंच बसवा. एका टोकाला उलटे आटे असतात, हे विसरून पाना तोडणारे इथेही असतील. कॅसल नटची खाच पिनच्या भोकासमोर आली नाही तर नट पुढे आवळायचा, मागे कधीच नाही.

आता हे सांधे जातात कशाने? फवारणी संपली की एचटीपी पंपाच्या (फवारणीच्या जोरदार पंपाच्या) गनने आपण ट्रॅक्टर चकचकीत धुतो. रबरी बूट कुठेतरी फाटलेला असतो, पाणी थेट बॉलवर जातं. त्यात मोरचूद असलं की लोखंड आणखी लवकर खातं. धुतल्यावर ग्रीस गन मारायला मात्र कोणाला वेळ नसतो. जुना काळा चिखल बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत मारा.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे बॉक्स घाईत.

ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडा. स्टेअरिंगचं चाक हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, बरोबर निम्म्यावर आणा. हा मध्य. आधी चाक वर-खाली ओढून बघा. वर्म, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यावरचा आटे असलेला गिअर, उभा हलत असेल तर चेक नट सैल करून स्क्रू एक आटा मागे घ्या, मगच कव्हरखालचं एकेक पातळ शिम (चकती) कमी करा. उभा खेळ जावा पण चाक मोकळं फिरावं.

मग तो आपला स्क्रू. मध्यावरच, एका वेळी आट्याचा आठवा भाग. ड्रॉप आर्मच्या टोकाचा खेळ गेला आणि मध्यावर किंचित जडपणा लागला की थांबा. स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवूनच चेक नट आवळा, नाहीतर तो नटाबरोबर फिरतो. पुन्हा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. कुठेही अडकलं तर मागे घ्या. दिवसभर ओळीत सरळ चालल्यामुळे दाते मध्यावरच जास्त झिजतात. मध्याचा सगळा खेळ काढायला गेलात तर न झिजलेली टोकं जाम होतात. तसं झालं तर वर्म आणि त्यात बसणारा दात्यांचा सेक्टर जोडीने बदला, एकटा नाही.

ड्रॉप आर्मचे दाते गेले असतील तर वेल्डिंग करू नका. काढताना पुलर वापरा, खुणा करून ठेवा आणि नवा आर्म घ्या. शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं. हबच्या उंचीवर टायरमध्ये पुढचं अंतर मागच्यापेक्षा २ ते ८ मिलीमीटर कमी, नेमका आकडा पुस्तिकेतला. खूण करून मोजा, चाकाचा अर्धा फेरा होईल एवढा ट्रॅक्टर पुढे ढकला, त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा.

मागून प्रश्न आलाय, ऑइल गळतं म्हणून बॉक्समध्ये ग्रीस भरलं तर? भरू नका. दात्यांनी ग्रीस एकदा बाजूला सारलं की ते परत येत नाही आणि वर्म कोरडा चालतो. ड्रॉप आर्म काढा, त्यामागचं ऑइल सील बदला आणि ९० नंबरचं गिअर ऑइल प्लगपर्यंत भरा.