101 वर फोन गेल्यानंतर: मुंबई अग्निशमन दल चालतं कसं

कंट्रोल रूमला फोन येतो. समोरचा माणूस बहुतेक वेळा ओरडतच असतो, आग लागलीय लवकर या, एवढं बोलून फोन ठेवायच्या बेतात असतो आणि पत्ता सांगायचा राहूनच जातो. त्यामुळे ऑपरेटरचं पहिलं काम म्हणजे त्याला लाईनवर धरून ठेवणं. कुठली गल्ली, जवळ काय आहे, कितवा मजला, आत कोणी अडकलंय का. मुंबईत 'जवळ काय आहे' हा प्रश्न पत्त्यापेक्षा महत्त्वाचा, कारण एकाच नावाच्या चाळी आणि सोसायट्या कितीतरी. हे विचारणं चालू असतानाच जवळच्या फायर स्टेशनला वर्दी, म्हणजे आगीची खबर, गेलेली असते, तिथे घंटा वाजते आणि ड्युटीवरची माणसं गाडीकडे पळतात. बूट, कोट बऱ्याचदा गाडी सुटता सुटताच चढवले जातात.

हे सगळं आपण सिनेमात बघितलंय. पण एवढ्या मोठ्या शहरात हजारो माणसं, शेकडो गाड्या, आणि आगीच्या जागी गोंधळ, धूर, रडारड, तर तिथे ऐकायचं कोणाचं? हे आधी ठरलेलं नसेल तर कितीही बंब आणून उभे करा, उपयोग शून्य. आणि हा धडा मुंबईने फार महागात घेतलाय.

14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज, पोटात कापसाच्या गाठी आणि त्याच जहाजात स्फोटकंही, वर सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला. फायर ब्रिगेडला निरोप गेला तो साध्या आगीसारखा, सुरुवातीला दोनच पंप निघाले. मग जहाजावर एकेक अधिकारी येत गेले, कोणी म्हणे जहाज बुडवून टाका, कोणी म्हणे पाणी मारत राहा, कॅप्टनचं एक मत, स्फोटकंवाल्यांचं दुसरं, गोदीवाल्यांचं तिसरं, आणि अंतिम शब्द कोणाचा हेच कोणाला माहीत नाही. चार वाजून गेल्यावर जहाज उडालं, थोड्या वेळाने परत दुसरा स्फोट. शेकडो माणसं गेली, त्यात फायर ब्रिगेडची 66. आज देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो या जवानांसाठी. शाळेत हे शिकवल्याचं मला तरी आठवत नाही.

तर आता रचना. मुंबईचं फायर ब्रिगेड महापालिकेचं आहे, राज्य सरकारचं नाही. पोलीस राज्याचे, बंब पालिकेचा. 1 एप्रिल 1887 पासून हे असंच आहे, त्याआधी आग विझवायचं कामही पोलिसांच्याच गळ्यात होतं, घोड्यांनी ओढायचे बंब घेऊन. पुढे 1890 मध्ये लंडनहून ट्रेन झालेला ऑफिसर आणला आणि 1907 मध्ये पहिली मोटरवाली गाडी आली. दिल्लीत मात्र फायर सर्व्हिस तिथल्या राज्य सरकारकडे आहे. म्हणजे सगळीकडे एकच पद्धत नाही, राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन हे पालिकांच्या कामांमध्ये धरलेलं असलं तरी.

मुख्यालय भायखळ्याला. शहरभर 35च्या आसपास मोठी फायर स्टेशनं, शिवाय छोटी मिनी फायर स्टेशनं वेगळी, कारण ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की स्टेशन किती मोठं आहे याला काही अर्थ उरत नाही. बऱ्याच ठिकाणी स्टेशनच्या आवारातच कर्मचाऱ्यांची घरं असतात, मुलं त्या घंटेच्या आवाजातच मोठी होतात.

माणसांची उतरंड बघा. सगळ्यात खाली फायरमन, गाडी आणि पंप चालवणारा ड्रायव्हर ऑपरेटर, मग लीडिंग फायरमन. त्यांच्या वर सब ऑफिसर, स्टेशन ऑफिसर, मग असिस्टंट डिव्हिजनल, डिव्हिजनल ऑफिसर, डेप्युटी चीफ आणि सगळ्यात वर चीफ फायर ऑफिसर. फायरमनचं ट्रेनिंग इथेच होतं, पण वरच्या पदांचे कोर्स म्हटलं की नागपूर, तिथलं नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज देशभरातल्या ऑफिसरांना ठाऊक असतं. 2012 च्या सुमारास बायकाही फायरमन म्हणून दलात आल्या, पदाचं नाव मात्र फायरमनच राहिलं.

आता मजा अशी की ही उतरंड ऑफिसमध्ये जेवढी कामाची नाही तेवढी रस्त्यावर आहे. पहिली गाडी घेऊन जो ऑफिसर पोचतो, मग तो सब ऑफिसर का असेना, त्या क्षणाला जागेवरचा साहेब तोच. तो आग बघतो आणि वायरलेसवर कंट्रोलला लेव्हल देतो. लेव्हल एक म्हणजे आपण सांभाळतो, दोन, तीन म्हणजे मोठी, आणि चार म्हणजे जवळपास सगळं शहर हलवा. त्याहूनही मोठ्या आगीला ब्रिगेड कॉल म्हणतात. लेव्हल वाढली की गाड्या मागत बसावं लागत नाही, त्या लेव्हलला जेवढे फायर इंजिन, जम्बो टँकर, शिड्या लागतात ते निघतातच, आणि त्या लेव्हलचा ऑफिसरही निघतो. तो आला की चार्ज त्याच्याकडे. आधीच्याने काय काय केलंय ते दोन वाक्यात ऐकायचं आणि हुकूम आपला सुरू करायचा.

म्हणूनच इथे मोठे साहेब लांब उभे राहून बघत नाहीत. 9 मे 2015, काळबादेवीची गोकुळ निवास इमारत. जुनी, लाकडी बांधणीची, आजूबाजूला चिंचोळ्या गल्ल्या. आग विझवताना इमारतीचा भाग कोसळला आणि त्यात चार ऑफिसर गेले. संजय राणे आणि महेंद्र देसाई जागेवरच, सुधीर अमीन आणि सुनील नेसरीकर नंतर हॉस्पिटलमध्ये. नेसरीकर हे त्या वेळचे चीफ, अमीन डेप्युटी चीफ. शहराच्या फायर ब्रिगेडचा प्रमुखच आगीत गेला, यावरून काय ते समजा.

पण खरं सांगायचं तर फायर ब्रिगेड एकटं फारसं काही करू शकत नाही. गाडीतलं पाणी पूर्ण जोरात मारलं तर काही मिनिटात संपतं, मग टँकरची ये-जा, आणि रस्त्यावरचे हायड्रंट, म्हणजे बंबात पाणी भरायचे नळ, म्हणाल तर बरेचसे बंद पडलेले. म्हणजे पाणी खात्याला फोन. लाईट बंद केल्याशिवाय पाणी मारायचं नाही, म्हणजे शहरात बेस्ट, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानी, भांडुप-मुलुंडला महावितरण. पाईपचा गॅस असेल तर महानगर गॅस. जखमींना न्यायला 108, गर्दी मागे सारायला पोलीस, ढिगारा उपसायला वॉर्ड ऑफिसची माणसं आणि जेसीबी, बिल्डिंग पडली तर एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं आपत्ती दल. मुंबई पोर्ट, एअरपोर्ट, माहुलच्या रिफायनऱ्या यांची अग्निशमन व्यवस्था आपापली, गरज पडली की एकमेकांकडे धावतात. हे सगळे एका जागी जमले तरी आगीच्या बाबतीत शब्द फायर ऑफिसरचा, 1944 मध्ये नेमकं हेच नव्हतं.

आणि रोजचं काम म्हणजे नुसती आगच नाही बरं का. पावसाळ्यात झाडं पडतात, लिफ्टमध्ये माणसं अडकतात, रस्त्यावर ऑईल सांडतं, जुन्या इमारती कोसळतात, संक्रांतीला मांजात पक्षी अडकतात. जुहू, आक्सा, गिरगावसारख्या चौपाट्यांवरचे जीवरक्षकसुद्धा याच दलाच्या अखत्यारीत. कबूतर सोडवायला शिडीची गाडी का पाठवता म्हणून लोक चिडतात, पण रेस्क्यू म्हटलं की वर्दी नाकारता येत नाही.

शिड्यांचं थोडं बोलूया कारण लोकांना त्याचंच आकर्षण. दलाकडे 90 मीटरपर्यंत जाणारा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म आहे, ऐकायला भारी वाटतं. पण लोअर परळला मान वर करून बघा, इमारती 200 मीटरच्या पुढे गेल्यात, आणि एवढी अवजड गाडी उभी करायला मोकळी जागा लागते ती सोसायटीच्या पार्किंगने खाल्लेली. म्हणून उंच इमारतीची आग ही बाहेरून विझत नाही. ती इमारतीच्याच पंपाने, पाईपने, स्प्रिंकलरने विझते, जवान नुसते होज, म्हणजे पाणी मारायचे पाईप, घेऊन जिन्याने किंवा फायर लिफ्टने वर जातात, पाठीवर बीए सेट, म्हणजे हवेचा सिलिंडर. पंप बंद असेल तर वर गेलेल्या माणसाच्या हातात रिकामा होज.

इथे दलाचा न दिसणारा अर्धा भाग येतो, कागदांचा. नवीन उंच इमारतीला फायरची एनओसी लागते, ती तपासणारे हेच ऑफिसर. आणि 2006 च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून तपासून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा ठीक असल्याचा दाखला, द्यायचा. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलमधल्या आगीत 14 जणांचा जीव गेला, त्यानंतर तपासणीसाठी खास कंप्लायन्स सेल काढले, नोटिसा निघाल्या. माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे, कारण फॉर्म देणारी एजन्सी खाजगी, तिला पैसे देणारी सोसायटी, आणि दलाचे ऑफिसर एकेक गच्चीवर जाऊन पंप चालवून बघू शकतील हे शक्यच नाही. त्यामुळे सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला पार्किंगवरून भांडून झालं की सेक्रेटरीला एवढं विचारा, फायर पंप शेवटचा कधी चालवला आणि त्याची चावी कोणाकडे असते.