तीन गोळ्या आणि एक पुल्लिंगी शब्द

नमस्कार मंडळी. आज सैनिकांच्या पेन्शनच्या कायद्यांबद्दल बोलायचंय, पण सुरुवात आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका टेबलापासून करते. १९१६ चा एप्रिल, ईस्टरचा आठवडा, ब्रिटिशांविरुद्ध उठाव पेटलाय आणि सेंट स्टीफन्स ग्रीन नावाच्या बागेशेजारच्या सर्जन्स कॉलेजात बंडखोर ठाण मांडून बसलेत. टेबलावर २३ वर्षांची एक मुलगी आहे, तिला तीन गोळ्या लागल्यात, आणि जखमा बघायच्या म्हणून तिच्या अंगावरचा नवाकोरा युनिफॉर्मचा कोट कापून काढतायत. तिने नंतर लिहून ठेवलंय, तिला रडू आलं ते त्या कोटासाठी.

मार्गारेट स्किनिडर तिचं नाव. जन्म स्कॉटलंडचा, घराणं आयरिश, शाळेत गणित शिकवायची. उठावात सायकलवरून निरोप पोचवायचे असले की साधा ड्रेस घालायचा आणि छपरावर बंदूक घेऊन बसायचं असलं की ब्रीचेस चढवायच्या, असं तिचं चाललेलं. ब्रिटिश सैनिकांची मागची वाट बंद करायला हार्कोर्ट स्ट्रीटवरची घरं पेटवायची ठरली, ती काही जणांना घेऊन निघाली, आणि तिथेच तिच्यावर गोळीबार झाला. सोबतचा १७ वर्षांचा एक पोरगा जागेवर गेला.

आता सहा वर्षं पुढे या. डिसेंबर १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट हे नवं राज्य जन्माला आलं, पण ब्रिटिशांशी केलेला करार काहींना मान्य, काहींना नाही, म्हणून कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेली माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली आणि जून १९२२ पासून मे १९२३ पर्यंत यादवी चालली. ती संपली तेव्हा सरकारच्या हाताशी पन्नास हजारांच्या वर सैन्य होतं, तिजोरी रिकामी, एवढे पगार द्यायचे कुठून? कपात सुरू झाली. मार्च १९२४ मध्ये तर सैन्यातल्या काही अधिकाऱ्यांनी कपात थांबवा म्हणून थेट सरकारलाच अल्टिमेटम दिला. म्हणजे घरी परतलेल्या सैनिकाचं काय करायचं हा प्रश्न त्या नव्या राज्याच्या मुळावरच आलेला, हे लक्षात ठेवा.

१९२३ मध्ये पहिला पेन्शन कायदा झाला, जखमींसाठी आणि जे मेले त्यांच्या घरच्यांसाठी. मार्गारेटने अर्ज केला. १९२५ मध्ये सरकारी वकिलाचं मत आलं की हा कायदा सैनिकांसाठी आहे आणि सैनिक हा शब्द साधारणपणे जसा समजतात तसा, म्हणजे पुल्लिंगी अर्थानेच घ्यायचा. झालं. अर्ज नामंजूर. गोळ्या लागल्या नाहीत असं कुणी म्हणालं नाही हो, तिचं लढणंही कुणी खोटं पाडलं नाही, फक्त ती त्या शब्दात बसत नव्हती.

मला हे वाचल्यापासून चैन नाही. आपण कायदा म्हटलं की रक्कम बघतो, किती मिळणार, कधीपासून मिळणार. पण खरा खेळ व्याख्येच्या कलमात असतो. आपल्याकडेही स्वातंत्र्यसैनिक पेन्शनला किमान सहा महिने तुरुंगवास झालेला हवा अशी अट आहे, बायकांना ती तीन महिन्यांवर आणली, तरी कागद लागतोच.

तिकडे १९२४ मध्ये दुसरा कायदा आला, तो लष्करी सेवेच्या पेन्शनचा. यात मेख अशी की यादवीत सरकारच्या सैन्यात असलात तरच पेन्शन. कराराविरुद्ध गेलेल्याने त्याआधी ब्रिटिशांशी कितीही वर्षं झुंज दिली असली तरी त्याला काही नाही. या कायद्याखाली पेन्शन मिळालेली बाई एकच, डॉ. ब्रिजिड लायन्स, कारण ती सैन्याच्या वैद्यकीय विभागात रीतसर अधिकारी होती.

१९३२ मध्ये करार न मानणाऱ्या डी व्हॅलेरांचा पक्ष सत्तेवर आला, म्हणजे यादवीत हरलेली बाजू, आणि १९३४ मध्ये त्यांनी नवा कायदा करून दार उघडलं. हरलेल्यांना पेन्शन, आणि कुमन ना मन या बायकांच्या संघटनेलाही. पण तिथेही पेन्शनच्या ए ते ई अशा पाच श्रेणी, आणि बायकांना फक्त खालच्या दोनच! शिवाय सेवा सिद्ध करायला जुन्या वरिष्ठांची साक्ष हवी. आता ज्या बाईने रात्री बंदुका लपवल्या, फरारी पोरांना जेवू घातलं, तिने साक्ष आणायची कुठून? १९२४ आणि १९३४ च्या या दोन कायद्यांखाली ऐंशी हजारांच्या वर अर्ज आले, त्यातले बहुतेक फेटाळले गेले. मार्गारेटला पेन्शन मंजूर झाली १९३८ मध्ये, म्हणजे त्या नकारानंतर १३ वर्षांनी. तोवर ती डब्लिनमध्ये शाळेत शिकवत होती, पुढे १९५६ मध्ये शिक्षकांच्या संघटनेची अध्यक्षही झाली.

आणि यातला एक कायदा तर थेट आपल्या मातीशी जोडलेलाय. जून १९२० मध्ये जालंधरच्या छावणीत ब्रिटिश सैन्यातल्या कॉनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश सैनिकांनी, आमच्या देशात तुमचे सैनिक अत्याचार करतायत म्हणून ड्युटी करायला नकार दिला, बातमी सोलनला पोचली, तिथेही बंड झालं. त्या बंडातल्या जेम्स डेली नावाच्या तरुणाला त्या नोव्हेंबरमध्ये सोलनजवळच्या डगशाईला गोळ्या घालून मारलं. ही माणसं ब्रिटिश गणवेशातली, त्यांचं बंडही आयर्लंडच्या भूमीवर झालेलं नाही, पण १९३६ मध्ये आयर्लंडच्या संसदेने खास त्यांच्यासाठी वेगळा पेन्शन कायदा केला. म्हणजे मनात आलं तर व्याख्या एवढीही ताणता येते. डेलीचा देह १९७० मध्ये मायदेशी नेला.

ही पेन्शनची कागदपत्रं डब्लिनच्या लष्करी दप्तरखान्यात आहेत आणि २०१४ पासून टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर टाकतायत, मंजूर झालेल्यांची आणि नामंजूर झालेल्यांचीही. मार्गारेटच्या फाईलमध्ये तो पुल्लिंगी शब्दाचा कागद अजून आहे, आणि १९३८ च्या मंजुरीचाही.