खिशातला कॅमेरा मैदानावर पुरतो का?

नमस्कार मंडळी. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याने खेळाचे फोटो निघतील का, असं विचारणारे बहुतेक जण लगेच त्याचं झूम सांगतात. तीस एक्स, चाळीस एक्स. त्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. खेळ कोणता, तुम्ही उभे कुठे राहणार आणि सामना उन्हात आहे की रात्री दिव्यांखाली? ही उत्तरं हातात आली की अर्धा निकाल कागदावरच लागतो.

सुरुवात विलंबापासून करू. बटण दाबलं आणि चित्र टिपलं गेलं, यामधला हा वेळ. स्वस्त कॉम्पॅक्टला फोकस शोधण्यासकट ०.४ सेकंद सहज लागतात. ताशी १३० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला ३६ मीटर जातो, म्हणजे ०.४ सेकंदात १४ मीटर. अख्खी खेळपट्टी २०.१२ मीटरची. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटताना तुम्ही बटण दाबलंत, तर फोटो निघेपर्यंत चेंडू फलंदाजापुढे आलेला असतो.

हा विलंब दुकानातच मोजता येतो. मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करा, कॅमेरा त्याच्यावर रोखा आणि बरोबर पाच, दहा, पंधरा सेकंदांच्या ठोक्याला बटण थेट खालपर्यंत दाबा. फोटोत ५.४० दिसलं तर विलंब ०.४० सेकंद. असं दहा वेळा करून सरासरी काढा, कारण आपलं बोटही थोडं मागेपुढे होतं. मग हाच प्रयोग बटण आधी अर्धं दाबून, फोकस धरून ठेवून करा. या वेळी आकडा ०.१ च्या आत आला, तर कॅमेरा कामाचा आहे. फोकस आधी धरण्याची सवय तेवढी तुम्हाला लावून घ्यावी लागेल.

आता प्रकाश. इथे बहुतेक कॅमेरे नापास होतात, म्हणून जरा थांबून हिशेब करू. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता आणि शटर म्हणजे चित्र टिपायला लागणारा सेकंदाचा भाग. भर उन्हात एफ ४.५ आणि आयएसओ १०० वर शटर १/१२५० पर्यंत जातं. धावणारा खेळाडू गोठवायला एवढं पुष्कळ झालं. शाळेच्या मैदानावर सकाळी अकराचा सामना असेल, तर साधा कॉम्पॅक्टही निराश करणार नाही. तोच खेळ बंदिस्त सभागृहात ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेडात आणा. शटर १/५०० हवं असेल तर एफ २.८ ला आयएसओ २०००च्या आसपास लागतो, एफ ४.५ ला ५००० च्या पुढे. गावोगावच्या सभागृहांत उजेड याच्या निम्माही असू शकतो. मग हे आकडे दुप्पट करा.

म्हणून लेन्सभोवती कोरलेले दोन आकडे वाचा. २.८–४.५ लिहिलं असेल, तर २.८ फक्त रुंद टोकाला मिळतं. झूम ओढलं की छिद्र लहान होत जातं. जोडीला सेन्सर, म्हणजे आतला चित्र टिपणारा भाग. स्वस्त मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यांत तो साधारण ६.२ × ४.६ मिमीचा असतो. एक इंची म्हणतात तो १३.२ × ८.८ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. आयएसओ ३२०० वर छोट्या सेन्सरच्या फोटोत चेहरे मेणासारखे सपाट होतात, जर्सीवरचे आकडे पुसट होतात. रात्रीच्या सामन्यांसाठी एक इंचीच्या खाली जाऊ नका, असं माझं ठाम मत आहे.

या गटातलं वरचं टोक पाहायचं तर सोनीचा २०१९ मधला आरएक्स१०० मार्क ७ घ्या. २४–२०० मिमी समतुल्य लेन्स (फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या मापात; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), सेकंदाला २० फोटो आणि त्या बर्स्टमध्येही, म्हणजे सलग फोटोंच्या माळेतही, फोकस खेळाडूच्या मागे फिरत राहतो. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. अनेक कॅमेरे बर्स्टचा मोठा आकडा जाहिरातीत देतात, पण पहिल्या फोटोला धरलेला फोकस पुढे बदलत नाहीत. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहून समोरून येणाऱ्या दुचाकीवर बर्स्ट मारा आणि फोटो मोठे करून बघा. पहिला स्पष्ट आणि सातवा धूसर आला, तर काय चाललंय ते कळेल. बर्स्ट संपल्यावर कॅमेरा किती सेकंद कार्डावर लिहीत अडकून बसतो, तेही मोजा. पकड झाली आणि कॅमेरा अजून मागची चढाईच लिहितोय, असं व्हायला नको.

पण हा कॅमेरासुद्धा क्रिकेटच्या सीमारेषेवर तोकडा पडतो. ७० मीटरवरून २०० मिमीला चौकटीत १२.६ मीटर रुंद आणि ८.४ मीटर उंच दृश्य मावतं. पावणेदोन मीटरचा फलंदाज उंचीचा जेमतेम पाचवा भाग व्यापतो, म्हणजे २० मेगापिक्सेलच्या फोटोत सुमारे ७६० पिक्सेल. मोबाइलवर पाठवायला ठीक, भिंतीवर लावायला नाही.

कबड्डीचं गणित उलट आहे. पुरुषांचं मैदान १३ × १० मीटर. अंतिम रेषेमागे बसलात तर चढाईपटू, बोनस रेषा आणि कोपरारक्षक सगळे दहा मीटरच्या आत. इथे मोठ्या झूमचा उपयोगच नाही, ५० ते १०० मिमी पुरतं. शिवाय छोट्या सेन्सरचा एक फायदा इथे मिळतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. एक इंची सेन्सर, ५० मिमी समतुल्य, एफ ४ आणि आठ मीटरवर धरलेला फोकस, असं ठेवलं तर साधारण चार मीटरपासून थेट मागच्या प्रेक्षकांपर्यंत सगळं स्पष्ट येतं. ऑटोफोकस मंद असला तरी तो बंद करून नुसत्या क्षणावर लक्ष ठेवता येतं. किंमत एवढीच की मागचे फलक आणि खुर्च्याही तितक्याच ठसठशीत दिसतात, म्हणून बसायची जागा पार्श्वभूमी बघून निवडा.

दिव्यांखाली आणखी एक घोळ होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/५०० ला एक फोटो उजळ, पुढचा काळपट किंवा पिवळट येतो. इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता चित्र ओळीओळीने टिपणारं) असेल तर फोटोवर आडवे पट्टेही उमटतात. मेकॅनिकल शटर निवडा, बर्स्टचा वेग कमी होईल पण पट्टे बरेच जातील. फ्लिकर (दिव्यांची ही लुकलुक) टाळण्याची सोय मेनूत असली तर तीही चालू करा.

आणि खो-खो. कॅमेरा मंद असेल तर याच खेळापासून सुरुवात करा, कारण इथे खांब जागचा हलत नाही. एका बाजूला गुडघ्यावर बसा, खांबाच्या वरच्या टोकावर फोकस धरा, बटण अर्धं दाबलेलं ठेवा. पाठलाग करणारा खांबाकडे झेपावताना शेवटचं पाऊल जमिनीत रोवतो, त्या पावलाला बटण पूर्ण दाबा. खांबाला हात पोचल्यावर दाबलंत, तर फोटोत खेळाडू मातीत पडलेला सापडेल.