टाच दुखतेय आणि घड्याळ म्हणतंय चाला

नमस्कार मंडळी, मागे आवाज येतोय ना? आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बारा वर्षं पळतोय आणि त्यातलं दीड वर्ष लंगडत काढलंय, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

तर झालं असं की रात्रीचे पावणेबारा वाजलेले, मी सोफ्याभोवती लंगडत चकरा मारतोय, कारण घड्याळात ९,३०० पावलं दिसतायत आणि रोज दहा हजारांची ११२ दिवसांची स्ट्रीक मोडायची नाहीये. बायको दारात येऊन म्हणाली, अहो, पाय दुखतोय ना तुमचा? मी म्हटलं, सातशेच राहिलीत.

आता हा दहा हजारांचा आकडा आला कुठून, तर टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. प्रॉडक्टचं नाव हो ते! पुढे २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या बायकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्यात दिवसाला ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फरक दिसेना. आणि मी त्या सातशेसाठी जीव काढत होतो.

कॅलरीचं तर बोलूच नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी सात बँड तपासले, हृदयाचे ठोके बहुतेकांचे बऱ्यापैकी बरोबर आले, पण कॅलरीत सगळ्यात चांगला बँडसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकला. त्या आकड्यावर विसंबून जेवणात सूट घेत असाल तर बघा बुवा.

पण माझा मुद्दा टाचेचा. सकाळी बेडवरून उतरलं की पहिली आठदहा पावलं टाचेमागची शीर अशी ताठ, की जिना आडवा होऊन भिंतीला धरून उतरायचो, आणि मग दहा मिनिटांत सगळं मोकळं, म्हणजे पळायला तयार! ही अकिलीस टेंडनची, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या दोरीची खोड आहे, गरम झाली की गप्प बसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट वसूल करते. घड्याळ मात्र रोज रिकव्हरी मस्त दाखवायचं. दाखवणारच, ते हिरवा लाइट मारून मनगटातलं रक्त बघतं, झोप बघतं, टाचेत कुठे सेन्सर आहे? दम काही आठवड्यांत वाढतो, टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्याला महिने लागतात, आणि या मधल्या काळातच आपल्याला वाटतं की आता काय, आपण सुसाट.

मी काय केलं, तर तीन आठवडे बर्फ आणि आराम, मग पळालो, परत तेच. बर्फ, आराम, पट्टी, पाय वर ही 'राइस'ची आयडिया ज्यांनी १९७८ मध्ये मांडली त्या डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फाने बरं व्हायला उशीर होऊ शकतो. शेवटी फिजिओ मॅडमनी पायरीच्या कडेवर उभं केलं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या पायावर हळूऽऽ खाली यायचं, पंधराचे तीन सेट, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. अल्फ्रेडसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९९८ मध्ये छापलेला प्रोग्रॅम तो. भयंकर बोअर, आणि घड्याळात त्याची पावलं शून्य! शिवाय रोज उठल्यावर दुखणं दहापैकी किती ते वहीत लिहायचं, आदल्या दिवसापेक्षा वाढलं तर त्या दिवशी पायावरचा भार कमी. साधी पेनची वही, पण मी परत पळायला लागलो ते त्या वहीवर.

घड्याळ काढलं नाहीये मी, हे बघा, आहे हातात. आणि आत्ताच वाजलं, 'उठा, थोडं उभे राहा' म्हणतंय, अर्धा तास उभाच आहे मी, फक्त हात या टेबलावर टेकलेला आहे. चला, प्रश्न घेऊ.