तुटायचं कुठे, ते आधी ठरवा

नमस्कार श्रोतेहो.

गळाने मासे धरणाऱ्याच्या पिशवीत दोन तऱ्हेचं सामान असतं. एक, जे आज ना उद्या जाणारच: शिसं, साधे गळ, हातभर दोरी. दुसरं, जे गेलं की अख्खा हंगाम हळहळायला लावतं: रॉड, रीळ (दोरी गुंडाळायची चरखी), नेमका चालणारा लूर (नकली आमिष), होडीचा नांगर, झालंच तर खिशातला फोन. आणि होतं काय, की पहिल्यातलं काहीतरी वाचवायच्या नादात दुसऱ्यातलं जातं. मूठभर शिसं खडकात अडकतं, ते सोडवायला माणूस रॉड उभा धरून हिसके देतो, आणि शिसं जागचं हलत नाही पण रॉडचं टोक मोडतं.

पाण्यात ताण आला की काहीतरी तुटणारच. काय तुटावं, ते मात्र घरी बसून ठरवता येतं.

शिशापासून सुरुवात करू. तळ खडकाळ असेल तर शिसं मुख्य दोरीला थेट बांधू नये. मुख्य दोरी 10 किलो ताकदीची असेल, तर शिसं 4 किलोच्या वीतभर तुकड्यावर वेगळं लटकवावं. अडकलंच तर तो तुकडा तुटतो, शिसं खाली राहतं, गळ, लीडर (मुख्य दोरीच्या पुढे जोडलेला दोरीचा तुकडा) आणि बहुधा मासाही वर येतो. शिवाय पाण्यात मागे उरते ती फक्त वीतभर दोरी. वीस-तीस मीटर दोरी खडकावर सोडून देणं पक्ष्यांना आणि कासवांना फार महागात पडतं. शिशाचंही तसंच. पाणपक्षी बारीक शिसं खडा समजून गिळतात आणि त्याचं विष भिनतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये हंसांच्या मरणाचा प्रश्न इतका वाढला, की 1987 पासून 28.35 ग्रॅमपर्यंतची बहुतेक शिशाची वजनं वापरायला तिथे बंदी आली.

पण या कमजोर तुकड्यात एक धोका आहे, आणि तो लोकांना सांगितला जात नाही. होडीतून शिसं सरळ खाली सोडायचं असेल तर काही अडचण नाही. किनाऱ्यावरून जोरात फेकताना मात्र शिशाच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. तुकडा हवेतच तुटला, तर शिसं गोफणीच्या दगडासारखं सुटतं, आणि आजूबाजूला माणसं असतात. म्हणून फेकायचं असेल तर सुटणारी क्लिप वापरावी. फेकताना शिशाचा भार क्लिपमधून जाड दोरीवर असतो. पाण्यावर आदळून ताण ढिला झाला की क्लिप सुटते, आणि मग शिसं फक्त कमजोर तुकड्यावर राहतं.

फेकीचा धक्का झेलायला पुढे जाड लीडर हवा. जुना ठोकताळा असा: शिशाच्या दर 28 ग्रॅममागे साधारण साडेचार किलो ताकद. म्हणजे 112 ग्रॅमचं शिसं फेकायचं तर लीडर 18 किलोचा. लांबी इतकी, की फेकायच्या तयारीत असताना लीडरचे पाच-सहा वळसे स्पूलवर, म्हणजे रिळाच्या दोरी गुंडाळायच्या चाकीवर, राहिले पाहिजेत. लीडर मुख्य दोरीला जोडणारी गाठ रॉडच्या टोकाच्या कडीपाशी लोंबत असेल तर लीडर असून नसल्यासारखाच.

आता गाठ. तुम्ही काही ठरवलं नसेल, तर सगळ्या साखळीतली सगळ्यात कच्ची जागा बहुतेक वेळा गाठच असते. लुराजवळची गाठ सुटली म्हणजे सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात आधी गेली. तंगूस, म्हणजे एकधागी नायलॉनची दोरी, असेल तर क्लिंच गाठीला पाच-सहा वळसे पुरतात. ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी गुळगुळीत असते, तिला पालोमार गाठ चांगली धरते. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकीने नाहीतर पाण्याने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने दोरी तापते आणि नेमकी तिथेच कमजोर होते. ब्रेडेड दोरीखाली स्पूलवर थोडं तंगूस गुंडाळलं नाही, तर सगळीच्या सगळी दोरी स्पूलवर गोल फिरते, आणि ड्रॅग, म्हणजे ताण आला की दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक, बिघडला असं वाटून लोक तो आवळत बसतात.

ड्रॅग किती असावा, तर दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. 10 किलोच्या दोरीला अडीच ते तीन किलो. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, अंदाज बहुधा जास्तीचाच निघतो. दोरी स्प्रिंगच्या ताणकाट्याला बांधा, रॉड 45 अंशांत धरा, काटा दुसऱ्याला ओढायला सांगा आणि दोरी सुटू लागते तो आकडा वाचा.

रॉडच्या कड्याही तपासा. आतल्या सिरॅमिकला केसाएवढी चीर गेली तरी ती प्रत्येक फेकीला दोरी कापत राहते. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. जिथे धागे अडकतील ती कडी बदला.

एवढं करूनही गळ अडकणारच. अशा वेळी ओढायचं नाही, आधी विचार करायचा की अडकलाय कशात. शेवाळात किंवा गवतात असेल तर सावकाश एकसारखा ताण दिला की तो गवतासकट येतो. खडकाच्या फटीत असेल तर ओढाल तितका रुतेल. तिथे दोरी ढिली सोडा, पंधरा-वीस पावलं बाजूला चालत जा किंवा होडी पलीकडे न्या, आणि तो ज्या दिशेने आत शिरला त्याच्या उलट दिशेने हलका ताण द्या. लाकडात टोक रुतलं असेल तर वेगळी युक्ती लागते. दोरी ताठ करा, रीळ आणि पहिली कडी यांच्या मधली दोरी दुसऱ्या हाताने धनुष्याच्या दोरीसारखी बाजूला ताणा आणि झटकन सोडा. त्या झटक्याने लूर मागे उडी मारतो. चार-पाच वेळा करून पाहावं. होडीत असाल तर थेट वर जाऊन दोरीवरून जड कडी किंवा क्लिपला लावलेलं शिसं खाली सोडा. ते लुराच्या नाकावर आपटतं आणि बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. कडीला स्वतःची वेगळी दोरी बांधायला विसरू नका, नाहीतर एकाचे दोन जातील.

काहीच जमलं नाही तर तोडावं लागतं, आणि तोडायचीही रीत आहे. रॉड जमिनीवर ठेवा. वीतभर लाकडी दांड्यावर दोरीचे आठ-दहा वळसे घ्या, दांडा दोन्ही हातांनी धरा, तोंड फिरवा आणि मागे चालत जा. हातावर गुंडाळू नका, ब्रेडेड दोरी तळहात चिरते. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण सुटलेला लूर थेट तुमच्याकडे येतो.

यानंतर एक गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही, आणि पुढच्या फेकीला दुसरा लूर जातो तो त्यामुळेच. दांडा हाताशी नसला की रीळ घट्ट धरूनच ओढलं जातं. त्या ताणाने ब्रेडेड दोरी स्पूलवरच्या खालच्या थरांत घुसते. पुढच्या फेकीत ती अर्ध्यातच अडकते, आणि लूर एकटाच पुढे जातो. म्हणून अशा ओढाताणीनंतर वीसेक मीटर दोरी बाहेर काढा आणि बोटांमध्ये ताण धरून पुन्हा भरा. शेवटचे दोन मीटर नखातून ओढून बघा. खरखर लागली तर तेवढे कापून नवी गाठ मारा.

रॉडच पाण्यात गेला, असं कसं होतं? बहुतेक वेळा स्टँडवर टेकवून, ड्रॅग आवळून, माणूस चहा प्यायला गेलेला असतो. टेकवलेल्या रॉडचा ड्रॅग इतका ढिला हवा, की मासा ओढेल तेव्हा दोरी जाईल, रॉड नाही. शिवाय रिळाच्या पायापासून एक दोरी खुंटीला नाहीतर होडीला बांधा. स्वतःच्या मनगटाला कधीच नाही. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर दर अर्ध्या तासाने सांधा दाबून बघा. जोडताना कड्या थोड्या तिरप्या ठेवून फिरवत बसवला की चांगला धरतो. रीळ रॉडवर धरून ठेवणारी नटही फेकीगणिक सैल होते, तिलाही वरचेवर हात लावावा. किल्लीला तरंगणारा गोळा लावला असेल तर सगळ्या किल्ल्यांसकट बादलीत टाकून पाहा. एका किल्लीला पेलणारा गोळा पाच किल्ल्यांसह सरळ बुडतो.

कयाकमध्ये सगळं बांधून ठेवतात ते बरोबरच आहे, पण लाटा फुटतात तिथे उलटलात तर त्याच दोऱ्या पायात गुंततात. किनाऱ्याकडे वळताना रॉड आत बंद करा, दोऱ्या सोडा, आणि जॅकेटवर हाताशी सुरी असू द्या.

नांगराच्या बाबतीतही तोच नियम चालतो. साखळी नांगराच्या दांड्याच्या कडीला न लावता खालच्या बुडाशी, फाळांच्या जोडाजवळ पक्की जोडा. मग ती दांड्याच्या बाजूने वर आणून कडीला फक्त प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधा. एरवी ओढ नेहमीसारखी दांड्यावरच येते. नांगर खडकात अडकला की जोराने ओढा, पट्टी तुटते आणि नांगर बुडाकडून उलटा निघतो. पट्टी किती जाड, ते उथळ पाण्यात ओढून पाहून ठरवावं. वाऱ्यात खडकांजवळ किंवा रात्रभर थांबायचं असेल तर ही युक्ती करू नका, कारण तिथे पट्टी तुटली तर नांगर वाचेल आणि होडी जाईल. आणि हो, दोराचं दुसरं टोक होडीला बांधलंय का, ते नांगर टाकण्याआधी पाहायचं असतं.

वस्तू पडलीच, तर पहिलं मिनिट महत्त्वाचं. जागेवरून हलू नका. फिश फाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, खूण करा, माणूस पडल्यावर दाबायचं बटण असेल तर तेच दाबा. यंत्र नसेल तर किनाऱ्यावरच्या खुणा घ्या: एक झाड आणि त्यामागचा खांब एका रेषेत, तशीच काटकोनात दुसरी रेषा. शक्य असेल तर वजन बांधलेला बोया तिथेच सोडा.

रॉड शोधताना रॉड शोधू नका, त्याची दोरी शोधा. रॉड दोन-तीन मीटरचा, दोरी मात्र तळावर कितीतरी मीटर पसरलेली असते. मोठा तीन टोकांचा गळ, 50-60 ग्रॅम वजन, दोरी जिकडे गेली असेल तिच्या आडव्या दिशेने फेकायचं आणि तळावरून हळू ओढत आणायचं. दर फेकीला दोन पावलं सरकायचं. लोक लोहचुंबक घेऊन येतात, पण कार्बनचा रॉड, ॲल्युमिनियमचं रीळ, पितळ, शिसं, यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. स्टेनलेस स्टीलच्याही बऱ्याच जाती चिकटत नाहीत. एकट्याने बुडी मारून पाहण्याचा मोह टाळा, खाली तीच दोरी पायांत येते.

रीळ वर आलं तर हँडल फिरवून पाहू नका. आत वाळू असेल तर दाते खरवडतात. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, मीठ आणखी आत जातं. स्पूल काढा, गोड्या पाण्यात हलक्या हाताने बुडवून धुवा, उघडून पुसा, पूर्ण वाळल्यावर बेअरिंगला तेल आणि दात्यांना ग्रीस लावा. त्या दिवशी उघडणं जमणार नसेल तर रात्रभर गोड्या पाण्यातच बुडवून ठेवा, म्हणजे मीठ आत वाळून घट्ट बसणार नाही. आणि ठेवून देताना ड्रॅग पूर्ण ढिला करा, नाहीतर चकत्यांमधलं पाणी तसंच दाबून राहतं.